बंड्याचा कान आजच बघ

खापर, ता. अक्कलकुवा

चि. छोटीस,


पत्र अर्धवट ठेवलंस तरी चालेल, पण आधी बंड्याचा कान बघ. होळीनंतर तू त्याला टोपलीत घालून सुरतेला नेलंस, तोवर तो रोज आपल्या मनी मांजरीच्या कुशीत झोपत होता. मनीच्या कानात जे होतं ते त्याच्याही कानात गेलं असणार. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं विसरली असतीस. कागद हाती असला की डॉक्टरांनाही दाखवता येईल.

दाराशी चांगल्या उजेडात बस. त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळ, डोकं तेवढं बाहेर राहू दे, आणि कानाची पाळी हलकेच मागे वळव. निरोगी कान आतून फिका गुलाबी असतो, त्याला वास येत नाही. आत वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा काळपट भुगा दिसला तर त्याला मळ समजू नकोस. मी समजले. मनी मागच्या पायाने कान खाजवायची, झोपेतून उठून डोकं झटकायची, आणि मी दोन महिने म्हणत राहिले, तिला सवयच लागलीय.

मग मी लसूण घालून खोबरेल तेल कोमट केलं आणि तिच्या कानात ओतलं. आपल्या आईने आपल्या कानात घातलं तसंच. छोटे, हे तू करू नकोस. मांजराच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. वळणापलीकडचा पडदा आपल्याला दिसत नाही. तो फाटलेला असला तर ओतलेलं सगळं थेट आतल्या कानाकडे जातं. लसूण तर मांजराला विषच. काडीला कापूस लावून कोरायलाही जाऊ नकोस, भुगा आणखी आत ढकलला जातो.

शेजारच्यांनी बैलांच्या गोचिडावरचं औषध आणून दिलं होतं, प्रेमानेच. ते मी लावलं नाही, एवढं एक शहाणपण सुचलं. त्या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड असतं. गाईबैलाला, कुत्र्याला ते चालतं; मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, झटके येऊन जनावर मरतं. दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल द्यायची तर नाहीच नाही. एका गोळीनेही जीव जातो.

शेवटी मनीला पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. बाहेर गाई-बकऱ्यांची रांग, त्यात मी एकटी मांजर घेऊन. डॉक्टरांनी कान तपासायच्या नळीतून आधी पडदा शाबूत असल्याचं पाहिलं. मग थोडा भुगा काळ्या कागदावर झटकून माझ्या हाती भिंग दिलं. त्यात पांढरे ठिपके चालत होते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, गोचिडाच्याच गोत्रातले. कानातले माइट म्हणतात त्यांना.

अमेरिकेत लोपेझ नावाच्या एका पशुवैद्याने मांजराच्या कानातले हे माइट मुद्दाम स्वतःच्या कानात घातले. १९९३ साली पशुवैद्यकांच्या मासिकात त्याने ते लिहिलं. आधी खरवडल्याचा आवाज, मग खाज. रात्र चढली की त्यांची हालचाल वाढायची, त्याला झोप लागेना. हे कळल्यापासून मला मनीच्या त्या रात्री आठवतात. उंदराची आपल्याला ऐकू न येणारी बारीक चीची मांजराला ऐकू येते. इतक्या तिखट कानात अहोरात्र ती खरवड, आणि मी तिला ‘गप झोप’ म्हणून दटावत होते.

खाजवून खाजवून तिच्या डाव्या पाळीतली रक्तवाहिनी फुटली होती. पाळी पुरीसारखी फुगली. डॉक्टरांनी छेद देऊन रक्त काढलं, टाके घातले. पण मी उशिरा गेले होते. तो कान आता आकसून चुरगळलाय, उभा राहत नाही.

उपचार अवघड नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटतं. कानात घालायचे थेंब, आणि जीभ पोचू नये म्हणून मानेमागे सोडायचं एक औषध. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्याला ते एकाच वेळी द्यावं लागतं, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फेरा चालूच राहतो. अंड्यातून निघून माइट पूर्ण वाढायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्यात खाज थांबली तरी औषध मध्येच सोडू नकोस. झोपताना शेपटी कानाशी येते, तिथेही ते लपतात. अंथरूण गरम पाण्याने धू.

बंड्याच्या कानात भुगा नसेल, पण पिवळा पू आणि वास असेल, तर दुखणं वेगळं आहे. एकच कान अचानक दुखायला लागला तर कुसळ गेलेलं असू शकतं. आणि डोकं एका बाजूला कललं, चालताना तोल गेला, बुबुळं लकलक हलायला लागली, तर दुखणं कानाच्या आत पोचलंय. मग सकाळची वाट बघू नकोस. तिकडे मांजरांचा डॉक्टर ओळखीचा नसेल तर नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सुरतेहून लांब नाही.

अजून एक. तो पांढरा आहे, कानाची टोकं गुलाबी. दुपारच्या उन्हात त्याला गच्चीवर लोळू देऊ नकोस. पांढऱ्या मांजरांच्या कानाच्या कडेला वर्षानुवर्षांच्या उन्हाने कर्करोग होतो. सुरुवातीला नुसती खपली दिसते, ती भरतच नाही.

मनी आत्ता ज्वारीच्या कोठीवर बसलीय. माळ्यावर काहीतरी खुडबुडलं की उजवा कान वळतो, डावा तसाच पडून राहतो. बंड्याचे दोन्ही कान अजून वळतायत ना? बघितलंस की कळव, रात्र झाली तरी. मी जागी असेन.

तुझी,
ताई