गाडी ओढते की हात?

डेट्रॉइटजवळ मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्या काकांकडे १९७२ची कॉर्व्हेट आहे. काका अमेरिकन, वय सत्तरीच्या पुढे, मनगटांत संधिवात. वर्षभरापासून गाडी डावीकडे जायला लागली होती. ती सरळ धरून धरून त्यांचे हात भरून यायचे. मुलीचं म्हणणं, आता विका. काकांनाही ते पटत चाललं होतं.

आजच्या बहुतेक गाड्यांत पॉवर स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते. या गाडीत तेल काम करतं. इंजिनवर फिरणारा पंप ते दाबाने पाठवतो. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की कंट्रोल व्हॉल्व्हमधला स्पूल किंचित सरकतो, तेल सिलिंडरच्या एका बाजूला जातं आणि पिस्टन चाकं वळवायला मदत करतो. हात सैल सोडला की स्पूल मध्यावर यायला हवा. तो जरा एका अंगाला राहिला, तर तुम्ही न सांगताच गाडी वळू बघते.

गाडी ओढण्याची कारणं बरीच असतात. टायरमधली हवा, अलाइनमेंट, चिकटलेला ब्रेक हे सगळं आधी तपासलं. तिथे काही सापडलं नाही.

मग पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली, पिस्टनचा दांडा चासीपासून सोडवला आणि इंजिन सुरू केलं. आम्ही बग शोधताना हेच करतो: एकेक जोडणी काढून बघायची. आता दांड्यावर रस्त्याचा भार नव्हता, चाकांचा नव्हता, काकांच्या हातांचाही नव्हता. तो जागचा हलायला नको होता. तो हळूहळू पूर्ण बाहेर आला.

काका म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी याच्याशी कुस्ती खेळत होतो."

व्हॉल्व्हच्या टोकाची धूळटोपी काढली की आत एक नट असतो. मध्य कुठे आहे ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं. दांडा आत जायला लागेपर्यंत नट एका दिशेने फिरवायचा, मग पुन्हा बाहेर यायला लागेपर्यंत उलटा. हे दुसरं फिरवणं जेवढं झालं, त्याच्या बरोबर निम्मं परत यायचं. उगाच पुढे-मागे करत बसायचं नाही. नट जागेवर आला तेव्हा दांडा थांबला, आणि हाताने आत-बाहेर सरकवता यायला लागला.

सगळं परत जोडून काका रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून आले. गाडी सरळ चालते. मनगटं अजून दुखतात, पण पूर्वीइतकी नाहीत. गाडी विकायची की नाही, ते ठरलेलं नाही. वर्षभर गाडीची ओढही काकांच्या वयाच्या खात्यावर जमा होत होती. ती तेवढी वजा झाली. आता जे ठरेल, ते फक्त त्यांच्या मनगटांकडे बघून ठरेल.