बंदीचा बोर्ड आणि २७६ मीटरचा बोगदा

जपानला जाऊन आलो म्हटल्यावर चार जणांनी बुलेट ट्रेनबद्दल विचारलं, दोघांनी स्वच्छतेबद्दल. त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला लिहायचंय एका धबधब्याबद्दल. कारण पाऊस तोंडावर आलाय, आणि आपल्याकडे धबधबे बंद करण्याचे आदेश निघायची वेळ झालीय.

धबधब्याचं नाव फुकुरोदा. टोकियोच्या ईशान्येला इबाराकी प्रांत आहे. त्याच्या पार वरच्या, डोंगराळ टोकाला दाइगो नावाचं छोटं गाव आहे, तिथे हा धबधबा. भाचा टोकियोत नोकरीला, गेल्या नोव्हेंबरात त्याच्याकडे गेलो होतो. त्याला म्हटलं, शहरं पुरे झाली रे, आता एखादा तालुका दाखव. टोकियोहून मितोपर्यंत एक्सप्रेस, आणि मितोला गाडी बदलून सुइगुन लाइनची डिझेलवर चालणारी छोटी गाडी. पुढे सव्वाएक तास. निम्म्या वाटेनंतर कुजी नदी सोबत करते. भात कापून मोकळी झालेली शेतं, मध्येच कौलारू घरं, डब्यात शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं. मधली पिढी जवळजवळ नाहीच. आपल्याकडची दुपारची वस्तीची एसटी आठवली.

फुकुरोदा १२० मीटर उंच आणि ७३ मीटर रुंद आहे. नाची, केगोन आणि हा, असे जपानचे तीन नावाजलेले धबधबे. पण आपल्या ठोसेघरसारखं पाणी इथे थेट दरीत झेपावत नाही. काळ्या, फुगीर कातळावरून चार टप्प्यांत पसरत, घसरत येतं. तो कातळ सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी समुद्राखाली फुटलेल्या ज्वालामुखीचा. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, फक्त वयाने खूप थोरला. चार टप्प्यांमुळे याला 'चार वेळचा धबधबा' असंही नाव आहे. दुसरी कथा अशी सांगतात की बाराव्या शतकातला सैग्यो नावाचा भिक्षू-कवी इथे आला आणि म्हणाला, चारही ऋतूंत एकेकदा आल्याशिवाय हा कळायचा नाही. थंडी कडक पडली की तो गोठतो. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही बाजूंची झाडं लालभडक झाली होती.

आता मुद्द्याचं. धबधबा रस्त्यावरून दिसत नाही. भाचा म्हणाला, "मामा, इथून पुढे बोगदा." डोंगराच्या पोटातून २७६ मीटरचा बोगदा काढलाय, १९७९ साली. तोंडाशी तिकीट काढायचं आणि आत शिरायचं. आत ओल, पिवळे दिवे, आणि पावलागणिक वाढत जाणारा आवाज. शेवटी डोंगराला खिडकी पाडल्यासारखा सज्जा आहे आणि समोर थेट पाणी. तुषार तोंडावर येतात इतकं जवळ. २००८ साली आणखी एक काम केलं, बोगद्यातून वर जायला लिफ्ट बसवली आणि वरच्या अंगाला दुसरा सज्जा काढला. तिथून चारही टप्पे एका नजरेत येतात. खालच्या सज्जावर एक आजी चाकाच्या खुर्चीत बसून होत्या. शेजारी शाळेची सहल. पोरं कठड्याला लटकत होती, ओरडत होती, बाई गप्प करत होत्या. शिस्त जपान्यांच्या रक्तात असते वगैरे मला काही दिसलं नाही. पोरं पोरांसारखीच होती. पण कठडा छातीएवढा होता आणि त्याच्या पलीकडे उतरायला वाट नव्हती.

बोगद्यात एक छोटं देऊळही आहे, फुदो म्योओचं. हातात तलवार, मागे ज्वाळा, मुद्रा रागीट. हा मूळचा आपल्याकडचा बौद्ध देव 'अचल', चीनमार्गे तिकडे गेला. जपानात धबधब्यापाशी तो हटकून असतो. आपल्याकडेही पाण्याच्या जागी देव असतोच की. देव आणि पाणी दोन्हीकडे आहे. मधला कठडा तेवढा आपल्याकडे नाही.

हे मी एवढं का उगाळतोय, ते सांगतो. वीसेक वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. दर पावसाळ्यात किमान एकदा मला तीच बातमी लिहावी लागते. पर्यटनासाठी आलेल्या तरुणाचा बुडून मृत्यू. गाव, वय, मित्रांची संख्या बदलते, बाकी मजकूर तोच. एका वर्षी ग्रामीण रुग्णालयाबाहेर एका मुलाचे वडील भेटले. मुलाची चप्पल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. मला म्हणाले, "तिथं धोका आहे असं कुठं लिहिलेलं होतं का हो?" बोर्ड होता. गंजलेला, वेलाखाली गेलेला. मी गप्प बसलो.

३० जून २०२४ तुम्हाला आठवत असेल. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मिठी मारून उभे राहिलेले ते लोक आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. त्यानंतर काय झालं? ठिकठिकाणी बंदी. जमावबंदीचं कलम लावायचं, नाक्यावर दोन पोलीस उभे करायचे, आणि सप्टेंबर उजाडायची वाट बघायची. पोलिसांचा यात दोष नाही, हातात काठी दिली तर माणूस काठीच वापरणार. पण बंदीने लोक थांबत नाहीत, आडवाटेने जातात. आडवाटेवर ना माहीतगार माणूस, ना दोर, ना मोबाईलला रेंज. आणि पायथ्याशी भजी, मक्याची कणसं विकून पोरांच्या फिया भरणाऱ्या बायकांचे कमाईचे दोन महिने बुडतात ते वेगळंच.

फुकुरोदाच्या वाटेवर दुतर्फा दुकानं आहेत. काड्यांना खोचून निखाऱ्यावर भाजलेले, मीठ चोळलेले आयु नावाचे नदीतले मासे. सफरचंदं. आणि कोन्न्याकु, म्हणजे एका कंदाच्या पिठाची लिबलिबीत वडी, वरून मिसो लावून देतात. तो कंद आपल्या सुरणाच्या कुळातला. त्याची भुकटी करून टिकवायची युक्ती याच डोंगराळ भागातल्या नाकाजिमा तोएमोन नावाच्या शेतकऱ्याने अठराव्या शतकात काढली, म्हणून तो कंद इथून शहरात जाऊ शकला. आमचं सुरण अजून आठवडी बाजाराच्या पुढे जात नाही, पण तो विषय पुन्हा कधी.

दुकानातल्या आजीबाईंशी भाच्याच्या मदतीने बोललो. गावाची लोकसंख्या आता १६ हजारांच्या आत, तरुण शहरात गेलेले. 'धबधबा आहे म्हणून दुकान आहे,' एवढंच त्या म्हणाल्या. ऐकून ओळखीचं वाटलं. २०११ च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचीही लोकसंख्या घटलेलीच होती. कुलूप लावलेली घरं त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडेही आहेत.

पूरही आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठं वादळ आलं, कुजी नदी गावात शिरली आणि फुकुरोदा स्टेशनच्या पुढचा रेल्वे पूल वाहून गेला. या गाडीला प्रवासी किती, तर आम्ही बसलो त्या डब्यात निम्मी बाकं रिकामी. 'कशाला हवाय पूल, बस चालवा' असं म्हणता आलं असतं. पण नवा पूल बांधला आणि २७ मार्च २०२१ ला पूर्ण लाइन पुन्हा सुरू झाली.

इथे कुणी म्हणेल, जपानचं सोडा हो, आपल्याकडे असं होत नाही. होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल रात्रीत वाहून गेला, माणसं गेली. नवा पूल पुढच्या जूनमध्ये, म्हणजे वर्षाच्या आत वाहतुकीला खुला झाला. करायचं ठरवलं की जमतं, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्याशेजारी उभा आहे.

उद्या आपण डोंगर पोखरून बोगदे काढावेत असं मी मुळीच म्हणत नाही. तो बोगदा आतून सुंदर नाही, सरळ काँक्रीट आहे. शिवाय तिथे पाण्याला हात लावता येत नाही, याची मला चुटपुट लागली. आपल्याला धबधबा म्हणजे त्याखाली भिजायला हवं. ते सोडा असं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि ऐकू पण नये. मग भिजायची सोय सुरक्षित करा.

माझ्या मते चार गोष्टी आपल्या ग्रामपंचायतींच्या आवाक्यात आहेत. पहिली, भिजायची जागा ठरवून दोर आणि रेलिंग लावा, बाकी कडा बंद. दुसरी, गावातली पोहणारी चार पोरं जून ते सप्टेंबर पगारी ठेवा, शिट्टी, दोर आणि जॅकेट देऊन. तिसरी, वरच्या वाडीत एक माणूस फोनवर. वर पाऊस वाढला की खाली भोंगा. पाणी कसं अचानक चढतं हे वरच्या वाडीला कळतंच, खाली सांगणारा कुणी नसतो. चौथी, तिकीट लावा आणि त्याचा हिशोब ग्रामसभेत वाचा. त्यातूनच पोरांचे पगार निघतील.

वन खातं, बांधकाम खातं, पंचायत, पोलीस, यातली जागा नेमकी कुणाची, हा प्रश्न येणार. दर वर्षी याच प्रश्नावर गाडी अडते. तर मग या वर्षी पावसाआधी तहसीलदारांनी चौघांना एका टेबलावर बसवावं. मी बातमीला येतो. गावोगावचे सरपंच आणि सदस्य ही पोस्ट वाचत असतील, तर आपल्या गावच्या धबधब्यापाशी आज काय आहे आणि काय हवंय, ते खाली लिहा. यादी करून मीच तहसीलला नेऊन देतो.