लाल ठिपका

यंदा दिवाळीला लाखनीला गेलो आणि धाकट्या भावाशी जवळजवळ भांडणच झालं. कशावरून, तर पत्र्याच्या डब्यांवरून!

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा निस्सान अजून उभा आहे. लष्कराच्या लिलावातून घेतलेला एक टनी ट्रक. गावात त्याला सगळे 'मिलिट्री'च म्हणायचे. कित्येक वर्षं बाबांनी त्यावर राईस मिलचं धान वाहिलं. शेडच्या भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर सुट्या सामानाचे डबे. मागच्या उन्हाळ्यात मी त्यातली एक फळी रिकामी करून भंगारवाल्याला किलोच्या भावात दिली. त्या डब्यांवर बाबांच्या अक्षरात 'जोंगा' लिहिलं होतं, शेजारी एक लाल ठिपका. आपल्याकडे जोंगा कुठे आहे, असा माझा साधा हिशेब. ठिपक्याचं काय, ते विचारायचं मला सुचलंच नाही.

"दादा, तू आपल्याच गाडीचं सामान विकलं," धाकटा म्हणाला. "जोंगा लिहिलं म्हणून जोंग्यालाच बसते का?"

मग त्यानं समजावलं. जोंगा आणि एक टनी निस्सान, दोन्ही मूळच्या जपानी निस्सानच्या गाड्या, आपल्या लष्करासाठी जबलपूरला बनलेल्या. दोघींचं इंजिन एकच, सहा सिलिंडरचं पेट्रोल, ३९५६ सीसी. त्यामुळे पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, डिस्ट्रिब्युटर कॅप इकडचं तिकडे चालतं. चाकं, एक्सल, स्प्रिंगचे पाटे मात्र नाही. एक माणसं न्यायला केलेली, दुसरी टनभर ओझं न्यायला. जे दोघींना चालतं त्यावर बाबांचा लाल ठिपका. जोंगा १९९९ मध्ये बंद झाली, म्हणून बाबा दिसेल तिथून सामान उचलत गेले.

मी म्हटलं, मग शक्तिमानचंही चालत असेल, तोही जबलपूरचाच. धाकटा हसला. शक्तिमान मूळचा जर्मन, 'मान' कंपनीचा, डिझेल. १९५९ पासून १९९६ पर्यंत बनला. त्याचं काहीही निस्सानला लागत नाही. एका फाटकातून बाहेर पडले म्हणून काही सख्खे होत नाहीत.

उलट उदाहरण जीपचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करासाठी विलीजनं जीप बनवली आणि फोर्डनंही, १९४१ ते १९४५. दोन वेगळ्या कंपन्या, पण नकाशा एक. लष्कराची अटच होती की हिचं सामान तिला बसलं पाहिजे. आघाडीवर दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करता यायला हवी ना! फोर्डला तरी आपली खूण ठेवायची हौस. कित्येक भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, त्यांनी 'एफ' उठवला. चॅसीचा पुढचा आडवा दांडा विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा पन्हाळीसारखा. जाणकार त्यावरून ओळखतात. पण सामान हिचं तिला बसतं ते बसतंच.

जीपवरून आठवलं. शाळेत असताना मी बाबांच्या हाताखाली एका जुन्या जीपचा बोल्ट खोलत होतो. जीपचे बोल्ट इंचाचे, निस्सानचे मिलिमीटरचे. मी अर्ध्या इंचाच्या बोल्टवर १३ चा पाना लावला. लागला की! अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, जेमतेम ०.३ चा फरक. जोर लावला तसा पाना घसरला, बोल्टचे कोपरे गोल झाले, माझी बोटं सोलली. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाही बसत ते बरं बाप्पा, निदान समजते तरी. जवळपास बसते, ते गाडी खाते."

असो. पावसाळ्यात निस्सानची डिस्ट्रिब्युटर कॅप तडकली, तेव्हापासून गाडी बंद. आणि तशी कॅप मी विकलेल्या डब्यांत होती. भंगारवाल्याकडे धावलो, पण माल केव्हाच गेला होता. धाकटा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेडमध्ये बसलो. एकेक डबा उघडला, कॅलिपरनं मापं घेतली आणि काय कशाला चालतं ते वहीत उतरवलं. हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं आणि धाकट्याला निम्मं माहीत. मला तर ठिपकाही कळला नव्हता. आता ४२ डब्यांची यादी झाली आहे. कॅप अजून मिळालेली नाही, शोधतो आहोत.

एका डब्यावर मात्र दोन ठिपके आहेत, लाल आणि पिवळा. आत पितळेच्या सहा बुशी, तेलकट कापडात गुंडाळलेल्या. पिवळा ठिपका कशाचा, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. नात्यातल्या कुणाला बाबा कधी बोलले असतील तर जरूर कळवा. डबा आम्ही ठेवून दिला आहे.