कथील

माळ्यावरचीं पितळी भांडीं खालीं काढलीं, तेव्हां आईच्या पातेल्यांत कल्हईचा एक पांढुरका चट्टा अजून टिकून होता. आमच्या धाराशिवच्या गल्लींत पूर्वीं कल्हईवाला येई. भात्याचा फुसफुसाट, नवसागराचा डोळ्यांत पाणी आणणारा धूर आणि कापसाच्या बोळ्याखालीं क्षणांत पसरणारी ती झिलई! आंबट कळकूं नये, एवढीच आमची कथलाकडून अपेक्षा. त्याच्या पोटांत विश्वाचें कोडें दडलें आहे असें कोणी म्हटलें असतें, तर आईनें त्याला ताक पाजून वाटेस लावलें असतें.

पण मुंबईंत पदार्थविज्ञान शिकणारा पुतण्या त्या दिवशीं घरीं होता. "काका, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत याच कथलावर प्रयोग रचण्यांत लोकांनीं वर्षें घातलीं आहेत," तो म्हणाला. प्रयोगाचें नांव 'टिन-टिन'. विद्वानांनाहि पोरांचीं चित्रमय पुस्तकें आवडतात, हें ऐकून मला बरें वाटलें.

कथलाच्या शंभर अणूंत सहाहून थोडे कमी अणु १२४ भाराचे असतात. अशा अणूंतले दोन न्यूट्रॉन एकदमच प्रोटॉन झाले, तर दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडावेत. १९३७ सालीं इटलीच्या मायोराना यांनीं सुचविलें, कीं न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण हे एकच असूं शकतील. तसें असेल, तर कधींतरी ते दोघे आंतल्या आंत हिशेब मिटवतील आणि बाहेर येतील केवळ दोन इलेक्ट्रॉन. हें निःसंशय दिसलें, तर जगांत द्रव्यच कां उरलें, प्रतिद्रव्य कां नाहीं, या प्रश्नाचा एक धागा हातीं लागेल.

कल्हईवाला कथील वितळवी. हे लोक तें केवल शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत गोठवितात. मग एका अणूच्या फुटण्याची ऊबहि कळते. मात्र दगडांतला, मातींतला, इतकेंच काय माणसाच्या देहांतला किरणोत्सर्गहि मध्येंच कुजबुजतो, आणि आकाशांतून विश्वकिरण येतात ते वेगळेच. म्हणून डोंगराच्या पोटांत शिरावें लागतें. कोलारच्या सोन्याच्या खाणींत १९६५ सालीं वातावरणांतल्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली, ती अशीच खोलवर. पुढें तमिळनाडूंत थेनी जिल्ह्यांत डोंगराखालीं प्रयोगशाळा व्हावयाची होती. ती विरोधांत व परवानग्यांत अडकली. डोंगराशेजारीं राहणाऱ्यांची भीति मला हसण्याजोगी वाटत नाहीं.

"आणि आजवर किती सांपडले?" दारांतून दादांनीं विचारलें. पोरगा प्रबंधासाठीं हाच विषय घेणार, हें त्यांना आदल्या रात्रींच कळलें होतें.

"एकहि नाहीं, बाबा."

जपानांत झेनॉन आणि इटलींत जर्मेनियम घेऊन माणसें वर्षानुवर्षें बसलीं. निष्पन्न एवढेंच, कीं त्या अणूंचें अर्धायुष्य एकावर सव्वीस शून्यें इतक्या वर्षांहून मोठें असलें पाहिजे. तेवढेंच आयुष्य कथलाचें धरून पोरानें कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलें : किलोभर साध्या कथलांत पांचशें वर्षांत एखादा अणु!

"पांच वर्षें बसलास आणि कांहींच घडलें नाहीं, तर?"

"तर तें किती दुर्मिळ आहे, हें आणखी नेमकें कळेल."

दादा बोलले नाहींत. ते पंचांगाच्या समासांत रोजचा पाऊस टिपून ठेवतात. कित्येक मृगांत पानभर शून्येंच आहेत, आणि एकहि दिवस त्यांनीं कोरा सोडलेला नाहीं. त्यांनीं पातेलें उचललें, चट्टा नखानें खरवडून पाहिला.

"सोलापुराकडे कोणी कल्हईवाला उरला असेल, तर जातांना चौकशी कर," ते पोराला म्हणाले.