विनामूल्य, पण टिकाऊ नव्हे

जे सर्वांस खुले आहे ते सुरक्षितही आहे, अशी आपली सहज समजूत असते. आंतरजालावरील मुक्त संशोधनपत्रिकांच्या बाबतीत ती खरी ठरलेली नाही. लाक्सो, मथियास आणि यान या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००० ते २०१९ या काळात आंतरजालावरून नाहीशा झालेल्या अशा १७४ पत्रिका नोंदविल्या आहेत. त्यांत सर्व प्रमुख विद्याशाखा आणि जगाचे सर्व भाग आले.

याची झळ आम्हांसही लागली. बडोद्यातील आमच्या घरची मोडी कागदपत्रे वाचून आमच्या भाचीने २००७ मध्ये एक निबंध लिहिला आणि तो अशाच एका पत्रिकेत आला. पुढे संपादक निवृत्त झाले, पत्रिका थांबली, संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क कोणी भरले नाही. आता त्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात दिसते. निबंधाची प्रत भाचीपाशी आहे. परंतु त्याच अंकांतील इतरांचे लेख आम्हांस कोठेही मिळाले नाहीत.

छापील अंकाचे तसे नव्हते. दोन-तीनशेच प्रती निघत, पण त्या निरनिराळ्या घरी आणि ग्रंथालयी जात. छापखाना बंद पडला तरी एखादा संच कोणाच्या तरी कपाटात उरे. सयाजीराव महाराजांच्या काळी, १९१० मध्ये, बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन झाले. अशा ठिकाणी जुने अंक बांधून ठेवण्याची शिस्त होती. आंतरजालावरील अंक हजारो लोक वाचतात, परंतु तो राहतो बहुधा एकाच ठिकाणी. वाचक वाढले, प्रती वाढल्या नाहीत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'लॉक्स' ही योजना याच जाणिवेतून काढली. एकच मजकूर अनेक ग्रंथालयांच्या संगणकांत ठेवावयाचा आणि एक प्रत बिघडली तर इतरांवरून ती दुरुस्त करावयाची, अशी तिची रीत आहे. मठोमठी पोथ्यांच्या नकला करणाऱ्या आपल्या पूर्वजांस हे तत्त्व नवे वाटले नसते. मोठे प्रकाशक अशा योजनांत सहभागी होतात. एकट्या संपादकाच्या हौसेवर चालणारी पत्रिका बहुधा बाहेरच राहते.

आपल्या घराण्यांचा इतिहास अशाच छोट्या पत्रिकांतून लिहिला जात आहे. म्हणून ज्यांच्या घरातील कोणाचा लेख आंतरजालावर असेल, त्यांनी त्याच्या तीन छापील प्रती काढाव्यात. एक घरी ठेवावी, एक गावच्या मराठी ग्रंथालयास द्यावी आणि तिसरी इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव असे जेथे आप्त असतील तेथे पाठवावी.