समासातल्या नोंदी

महापालिकेची महासभा बघायला मी काही स्वतःहून गेले नव्हते. शेजारच्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि सभा चुकवायला ते काही केल्या तयार नव्हते. "जिन्यात हात धरायला कुणीतरी हवं, तुला सुट्टी आहेच तर जा," असं आईने सांगितलं आणि मी त्यांच्याबरोबर डोंबिवलीहून कल्याणची लोकल पकडली. नोव्हेंबर २०१५ मध्ये निवडणूक होऊन कल्याण-डोंबिवलीत १२२ जणांचं नवं सभागृह आलं होतं, त्यानंतरची ही गोष्ट. २७ गावं पुन्हा पालिकेत आली आहेत एवढं मला पेपरातून माहीत होतं. आमचा नगरसेवक कोण, ते नव्हतं.

काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ना कुठल्या पक्षात, ना संघटनेत. महासभा कायद्याने दर महिन्याला निदान एकदा घ्यावीच लागते आणि कुणालाही तिथे बसून ऐकता येतं, हे त्यांनी गाडीत सांगितलं तेव्हा बँकेत नोकरीला लागलेली मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नागरिकशास्त्रात मला चांगले मार्क होते, हे इथे सांगायलाच हवं.

मुख्यालयात प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसल्यावर काकांनी पिशवीतून विषयपत्रिकेची झेरॉक्स काढली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "मला आज दिसायचं नाही. तू वाच, मी सांगतो तिथे खूण कर." पहिलाच विषय होता, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. समोर अजून खुर्च्या सरकत होत्या, नमस्कार-चमत्कार चालले होते. काका मात्र माझ्या कानाशी येऊन विचारत होते, "मागच्या वेळी लेखी देतो म्हणाले होते, ते त्यात आलंय का बघ."

सभा म्हणजे भाषणं अशी माझी समजूत. भाषणं झालीही. बाकं वाजली, तहकुबीच्या सूचनेवर बराच वेळ गेला. काका तेवढा वेळ डोळे मिटून बसले होते. झोपलेत की काय असं मला वाटलं. मग एक नगरसेविका उठल्या. बहुधा पहिल्यांदाच निवडून आलेल्या असाव्यात, कारण प्रश्न वहीतून वाचत होत्या आणि हातातला माइक हलत होता. केबलसाठी रस्ते खोदणाऱ्यांकडून रस्ता पूर्ववत करायला किती रक्कम जमा झाली आणि त्यातली माझ्या प्रभागात किती खर्च झाली? पुढच्या सभेपर्यंत माहिती देतो, असं उत्तर मिळालं आणि कामकाज पुढे सरकलं. काकांनी माझ्या कोपराला हात लावला. "हे लिही. तारीख घाल." मी समासात लिहिलं: रस्ते खोदाई, जमा-खर्च, पुढची सभा.

परतताना ठाकुर्लीच्या आसपास ते म्हणाले, "कोण काय बोललं ते उद्या पेपरात येईल. कोण काय द्यायचं कबूल झालं, ते आपल्याला लिहून ठेवावं लागतं."

काकांची नजर महिन्याभरात सुधारली, तरी पेन्सिल माझ्याकडेच राहिली. त्या खोदाईचं लेखी उत्तर पुढे आलं, प्रभागवार तक्त्यासकट. ते मला वाचता आलं, आकडे कुठे जुळवून बघायचे हे कळलं, ते काकांमुळे. लग्नानंतर ठाण्याला आले. पाचपाखाडीला तिथल्या महापालिकेच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात पहिल्यांदा एकटी जाऊन बसले तेव्हा धीर झाला तोही त्यांच्याच शिकवणीने. आमच्या सोसायटीची मी आता सचिव आहे. इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे 'कोण करणार, कधीपर्यंत' असं लिहिते, त्यावर सभासद कुरकुरतात. नीट काम करते म्हणून कुणी कौतुक केलं तर मला अवघडायला होतं. ही सवय माझ्या घरची नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. मार्च २०२२ मध्ये ठाण्यातही तेच. प्रस्ताव प्रशासनाचा आणि मंजुरीही प्रशासकांची, अशी वर्षं गेली. काका तोवर पुण्याला मुलीकडे राहायला गेले होते. फोनवर तब्येतीची चौकशी केली की म्हणायचे, "अगं, कामं होत असतीलही. पण समोर बसून विचारणारं कुणी नाही ना."

जानेवारी २०२६ मध्ये अखेर दोन्हीकडे निवडणुका झाल्या. निकालाच्या संध्याकाळी मी काकांना फोन लावला, आता पहिल्याच सभेला जाते म्हटलं.

"पहिलीला कशाला? महापौर निवडतील, हारतुरे होतील, बसायला जागा मिळायची नाही. कामकाजाची सभा लागेल तिला जा. आणि पेन्सिल ने, पेन नको. खोडावं लागतं."