निरुपद्रवी खोड

'खोड' हा आपल्या भाषेतला मोठा कडक शब्द. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे म्हणताना आपण स्वभावाला दोष देतो. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत खिलार बैल पाहणारा शेतकरी मात्र ती अंगावर शोधतो. दात आणि खूर पाहून झाले की तो भोवरा पाहतो. दात-खूर कामाचे, भोवरा म्हणजे निव्वळ केसांचे वळण. तरी त्यापायी सौदा मोडतो.

आमच्या बेळगावच्या घरी नातीसाठी दोन गिनीपिग माद्या आणल्या, तेव्हा हीच पारख नव्याने सुरू झाली. दोघींच्याही कानांमागे टक्कल दिसले. तो रोग नव्हे, या जातीचे ते उपजत लक्षणच. गिनीपिगला पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असतात. एकीच्या मागच्या पायाला मात्र चौथे बोट होते. निपाणीहून आलेले पाहुणे म्हणाले, "खोडीचं जनावर आहे, बदलून आणा."

या जादा बोटाला शास्त्रात इतिहास आहे. हार्वर्डचे विल्यम कॅसल यांनी १९०६ साली अशा गिनीपिगांच्या कुळावर प्रबंध प्रसिद्ध केला. १९३४ मध्ये स्यूअल राइट यांनी दाखवले, की हे बोट एकाच जनुकाने ठरत नाही. आईच्या वयाचाही त्यात वाटा असतो. त्याचा प्राण्याला सहसा त्रास नसतो. नख वाढू देऊ नये. बोट नुसत्या कातडीने लोंबत असेल तर पशुवैद्याला दाखवावे, इतकेच. खरी उणीव वेगळीच आहे आणि ती दिसत नाही. गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही; ढबू मिरची, पेरू यांतून ते रोज पुरवावे लागते. माणसाचेही तसेच. पण त्यापायी कोणी कोणाला नाकारीत नाही.

नातीने विचारले, "आजोबा, हिचं बोट कापायचं का?"

माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या हाताला सहावे बोट आहे. घरात ते भाग्याचे म्हणत. सोयरिकीच्या बैठकीत मात्र पदराखाली झाकायला लावीत. दोन स्थळे त्यापायी मोडली. पुढे त्याच हाताने तिने निपाणीत विडी कामगारांच्या मुलांना वर्षानुवर्षे अक्षरे गिरवायला शिकवले.

मी नातीला नाही म्हटले, आणि पाहुण्यांनाही.